गोळी घेतली की नाही आणि का नाही, हे मोजायला कधीपासून लागले

लोक डॉक्टरचं ऐकत नाहीत ही तक्रार मुंबईला नवीन नाही. 1897 ला प्लेगची लस भायखळ्याच्या तुरुंगात टोचून बघितली, बाहेर मात्र लोक पेशंट लपवत होते आणि 1898 मध्ये घरझडतीवरून दंगल पेटली. लोकांच्या मनात काय आहे हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

विचारायला सुरुवात झाली 1950 च्या दशकात, तीही अमेरिकेत. टीबीचा एक्सरे फुकट, गाडी पार वस्तीत, तरी लोक येईनात, म्हणून मग मला हा आजार होईल का, झाला तर किती वाईट, तपासणीचा फायदा काय आणि अडचण काय असे प्रश्न आले. हे मॉडेल (हेल्थ बिलीफ मॉडेल) पब्लिक हेल्थवाल्यांचं पाठ असतं म्हणून चौकटी काढत बसत नाही. एवढंच की ते एकदा जाऊन एक्सरे काढण्यासाठी बनलं होतं, आणि 70 च्या दशकात तेच महिनोन्महिने गोळ्या खाण्याला लावलं, जे मला कधीच नीट पटलेलं नाही. 1986 ला ब्लडप्रेशरच्या पेशंटसाठी गोळ्या नियमित घेतात का हे मोजणारी चार प्रश्नांची पट्टी, म्हणजे छोटी प्रश्नावली, आली (विसरता का, कधीकधी हयगय होते का, बरं वाटलं की बंद करता का, त्रास झाला की बंद करता का), 2008 ला तिचे आठ प्रश्न झाले आणि वापरायच्या परवान्याच्या फीवरून जगभर भांडणं. 1999 च्या दुसऱ्या एका पट्टीने औषधाची गरज वाटते किती आणि धास्ती वाटते किती हे वेगळं केलं. आपल्याकडचं 'औषध गरम पडतं' त्या धास्तीत बसतं.

पण आपल्याकडे खरा वाद झाला तो डॉट्सचा, म्हणजे टीबीची गोळी कर्मचाऱ्यासमोरच गिळायची या पद्धतीचा. मूळ मद्रासचं. 1956 ला तिथे सुरू झालेल्या चाचणीत दिसलं की टीबीचा पेशंट घरी राहूनही सॅनेटोरियमइतकाच बरा होतो, मात्र घरी गोळ्या नियमित घेईल याची खात्री नाही, म्हणून 60 च्या दशकात तिथेच आठवड्यातून मोजके डोस समोर द्यायची पद्धत तपासली गेली. 1997 पासून देशाच्या टीबी कार्यक्रमात हीच कल्पना आली, दिवसाआड डोस आणि सुरुवातीचे महिने प्रत्येक डोस कर्मचाऱ्यासमोर. 2006 पर्यंत सगळा देश त्यात. म्हणजे पेशंटला काय वाटतं हा प्रश्नच कटाप, गिळली ना, टिक करा. आता गोवंडीतला रोजंदारीवाला सेंटर उघडायच्या आधीच कामाला निघतो, तो डोस चुकला तर फाइलवर अनियमित, आणि गल्लीतल्या कोणी सेंटरवर बघितलं तर घरच्या मुलीचं लग्न अडेल ही भीती कुठल्याच रकान्यात नाही. बाजू घेणारे म्हणतात अर्धवट औषधाने एमडीआर, म्हणजे मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी, वाढतो, ते खरंच आहे, मुंबईने ते भरपूर बघितलंय. पण समोर गिळण्याची आणि स्वतः घेण्याची तुलना करणाऱ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर बरे होणाऱ्यांत ठळक फरक दिसला नाही, हे कार्यक्रमवाले फार हळू आवाजात सांगतात.

2017 ला रोजचा डोस आला. त्याच सुमारास गोळीमागे लपलेला नंबर बघून मिस्ड कॉल द्यायची सोय निघाली, पण मिस्ड कॉल आणि लघवीच्या तपासणीत दिसणारं औषध यांचा मेळ फारसा बसला नाही. 2018 पासून टीबीच्या पेशंटच्या खात्यात आहारासाठी महिना 500 रुपये येऊ लागले, नोव्हेंबर 2024 पासून 1000. प्रश्नावली बनवणाऱ्यांना आता ठरवायचंय की हे पैसे फायद्याच्या रकान्यात टाकायचे की अडचणीतून वजा करायचे.