कायोटीसाठी एक गोळी, कागदासाठी दुसरी

अमेरिकेच्या पश्चिम भागात मेंढ्या-वासरांच्या राखणीसाठी आणि हिवाळ्यात कातड्यासाठी कायोटीची शिकार होते. कायोटी हा आपल्या कोल्ह्याच्या कुळातला. वजन साधारण १० ते २० किलो, दिसते ती बरीचशी जाडी केसांचीच. हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम चार-पाच इंचांचा. ज्या रायफलीने ही शिकार होते तिनेच एरवी १०० यार्डांवरच्या कागदी लक्ष्यावर सराव चालतो, म्हणून दोन्ही कामांना एकाच खोक्यातली काडतुसे वापरण्याचा मोह होतो. कागदाच्या बाबतीत गोळी कुठे लागली एवढाच प्रश्न असतो. जनावराच्या बाबतीत ती आत शिरल्यावर पहिल्या काही इंचांत काय झाले, यावर सगळे ठरते.

कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, वाद फार रंगवण्यासारखा नाही. .२२३ रेमिंग्टन दोन्ही कामांना पुरते, स्वस्त पडते आणि धक्का कमी देते. .२२-२५० रेमिंग्टन तेवढ्याच व्यासाची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी सेकंदाला सुमारे ३६८० फुटांनी फेकते, .२२३ सुमारे ३२४० फुटांनी. लांबच्या माऱ्याला .२२-२५० सरस. पण काडतुसातल्या जास्त दारूमुळे तिची नळी लवकर तापते आणि घशाशी, म्हणजे काडतुसाच्या लगेच पुढे, लवकर झिजते. दिवसभर शेकडो फैरी झाडणाऱ्या नेमबाजाला ते महाग पडते. .२४३ विंचेस्टर वाऱ्यात बरी टिकते, मात्र कातड्याला मोठे भोक पाडू शकते.

खरा फरक गोळीच्या बांधणीत आहे. सरावाची स्वस्त गोळी म्हणजे फुल मेटल जॅकेट: शिशाचा गाभा आणि टोकाकडून पूर्ण झाकणारे तांब्याच्या मिश्रधातूचे वेष्टन. हे वेष्टन टोकाकडून ओढलेले असल्याने बुडाशी शिसे उघडे राहते. गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तप्त वायूचा शेवटचा झोत तिच्या बुडावर बसतो. बूड जरा तिरके असले तरी गोळी हलते. म्हणून स्पर्धेच्या, म्हणजे 'मॅच', गोळ्या उलट बनवतात. बूड अखंड, वेष्टन टोकाकडे मिटत आणलेले, टोकाला बारीक भोक. हे भोक बनवण्याच्या पद्धतीतून उरलेले असते, गोळी उमलावी म्हणून पाडलेले नसते. 'हॉलो पॉइंट (टोकाला भोक असलेली) म्हणजे शिकारीची' असे समजून मॅच गोळी कायोटीवर वापरली, तर ती कधी फुटते, कधी सरळ आरपार जाते. फुल मेटल जॅकेटचे तर बहुधा असेच होते: बारीक छिद्र पडते, जनावर जखमी होऊन लांब पळते, आणि गोळी मागे कुठेतरी दगडावर आपटून उसळण्याचा धोका उरतोच.

कायोटीसाठी पातळ वेष्टनाची, प्लॅस्टिकच्या टोकाची ५० ते ५५ ग्रेनची गोळी चांगली. टोक आत दाबले जाते, वेष्टन फाटते, ऊर्जा छातीतच खर्च होते आणि बाहेर पडण्याचे भोक लहान राहते किंवा पडतच नाही. पण ४० ग्रेनच्या खालची फार नाजूक गोळी खांद्याच्या हाडावर आदळली, तर वरच्या वर फुटून उथळ जखम करते. कातडे वाचवण्याच्या नादात इतके हलके जाऊ नये.

आता ट्विस्टकडे येऊ, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. नळीतल्या सर्पिल खाचा गोळीला फिरवतात. १:९ म्हणजे ९ इंचांत एक पूर्ण फेरा. किती फिरकी हवी हे गोळीच्या वजनापेक्षा लांबीवर ठरते. इंग्लंडमधले गणितज्ञ ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये साधे सूत्र दिले: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळे इंचांत. सेकंदाला २८०० फुटांच्या वरच्या वेगासाठी १५० ऐवजी १८० धरतात. ०.२२४ इंच व्यासाची, सुमारे ०.९ इंच लांब, ६९ ग्रेनची मॅच गोळी घेतली तर उत्तर १० इंच येते. म्हणजे त्याहून जलद फिरवणाऱ्या १:९ नळीत ती स्थिर राहील. जुन्या १:१२ नळीत डगमगेल आणि कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट फाट दिसेल. असा फाट दिसला की दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसू नये, गोळी बदलावी. ७७ ग्रेनच्या गोळीला १:८ किंवा १:७ लागते.

उलट टोकही आहे. १:७ नळीतून ३२४० फूट वेगाने निघालेली गोळी मिनिटाला सुमारे ३ लाख ३३ हजार फेरे घेते. .२२-२५० च्या वेगात अगदी पातळ वेष्टनाची गोळी या फिरकीने हवेतच फुटू शकते, आणि कागदावर छिद्राऐवजी काहीच सापडत नाही.

नळीवर ट्विस्ट कोरलेला नसेल तर मोजता येतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (नळीमागचा सरकता भाग) काढावा. फिरत्या मुठीच्या सफाईच्या सळईवर घट्ट कापड लावून ती नळीत घालावी, सळईवर खूण करावी आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत ती किती इंच सरकते ते पाहावे. दोनतीनदा मोजावे, कापड घसरले तर आकडा चुकतो.

कॅलिफोर्नियात हा मुद्दा आणखी टोकदार होतो. १ जुलै २०१९ पासून तिथे वन्यप्राण्यांवर शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी आहे. कायोटीही त्यात येतो. मृत प्राण्यांतले शिसे खाऊन कॉन्डर गिधाडे मरत होती, हे त्यामागचे मोठे कारण. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जास्त फिरकी मागते. १:१२ नळीवाल्याने तिथे ५५ ग्रेनऐवजी हलकी तांब्याची गोळी शोधावी.

खोक्यावरचा शिक्काही वाचावा. ५.५६ नाटोचे काडतूस बाहेरून .२२३ सारखेच दिसते, पण .२२३ च्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) ते दाब वाढवू शकते. ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालते.

५५ ग्रेनची प्लॅस्टिक टोकाची गोळी २०० यार्डांवर झिरो केली, म्हणजे त्या अंतरावर ती नेमक्या नेमाच्या बिंदूवर लागेल अशी दुर्बीण लावली, तर १०० वर ती दीड इंच वर आणि ३०० वर सुमारे सात इंच खाली लागते. ताशी १० मैलांचा आडवा वारा तिला १०० यार्डांवर एक इंच, २०० वर साडेचार आणि ३०० वर जवळजवळ ११ इंच ढकलतो. चार-पाच इंचांच्या लक्ष्यावर ३०० यार्डांचा मारा वाऱ्याच्या दिवशी टाळलेलाच बरा. २०० पलीकडे अंदाजाची चूक जखमी जनावराच्या रूपाने भोगावी लागते.

निवड शेवटी कागदावरच होते. तीन-चार प्रकारांचे एकेक खोके घ्यावे. प्रकार बदलला की दोन-तीन फैरी नळी स्थिरावण्यासाठी झाडाव्यात आणि त्या मोजू नयेत. नळी हाताला गरम लागली की थांबावे. तीन फैरींचा ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) फसवतो: ज्या रायफलीचे तीन फैरींचे ग्रुप सरासरी एक इंच येतात, तिचे दहा फैरींचे ग्रुप जवळपास १.६ इंच येतील, आणि त्यात रायफलीचा दोष काहीच नसतो. म्हणून तुलना दहा-दहा फैरींची करावी.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे कोल्ह्याच्या शिकारीचा प्रश्नच उद्भवत नाही. पण ही चाचणी इथल्या नेमबाजांच्या ओळखीची आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोनचे (पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकाराचे) विश्वविजेतेपद मिळवले; त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (तीन पवित्र्यांच्या प्रकारात) कांस्य जिंकले. या दोन्ही प्रकारांत .२२ लाँग रायफलची ४० ग्रेनची, ध्वनीपेक्षा किंचित कमी वेगाची शिशाची गोळी असते. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या काडतुसांतही लॉटनुसार (एका वेळी बनलेल्या खेपेनुसार) फरक पडतो, म्हणून वरच्या पातळीवर रायफल शिकंज्यात बसवून दहा-दहा फैरींनी लॉट तपासतात आणि जुळलेला लॉट भरपूर घेऊन ठेवतात.

कायोटीवाल्यानेही लॉट क्रमांक लिहून ठेवावा. सराव स्वस्त गोळीवर केला तरी हंगामापूर्वी शिकारीच्या गोळीवर झिरो पुन्हा करावा, कारण दोन्ही एकाच बिंदूवर क्वचितच पडतात. तेही शक्यतो थंडीत: गारठ्यात दारू सावकाश जळते, वेग घटतो आणि उन्हाळ्यात लावलेला झिरो लांबच्या पल्ल्यावर खाली उतरतो.