डॉर्सेटची हीथभूमी आणि तिथल्या कोळी-कीटकांच्या पाहणीची पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेट काउंटीत, पूल नावाच्या शहराच्या बंदराभोवती पसरलेल्या हीथभूमीवर गेल्या काही दशकांत पुनर्स्थापनेचे मोठे काम झाले आहे. पाइनची लागवड काढून टाकली गेली, खते घातलेली कुरणे पुन्हा नापीक करण्याचे प्रयोग झाले आणि अनेक ठिकाणी हेदरची जांभळी झुडपे परतली. हे काम कितपत साधले याचा निवाडा करताना आज झुडपांच्या बरोबरीने कोळी, भुंगेरे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्या नोंदी मागितल्या जातात. ही मागणी अचानक पुढे आलेली नाही; तिच्यामागे सुमारे दीडशे वर्षांचे निरीक्षण आहे आणि त्यातला काही भाग अभ्यासकांच्या अपेक्षेच्या उलट गेलेला आहे.

हीथ म्हणजे आम्लधर्मी, वाळूमिश्रित आणि अन्नद्रव्यांनी गरीब अशा जमिनीवरची खुरट्या झुडपांची उघडी भूमी. हेदर, बेल हेदर आणि काटेरी गॉर्स या तिथल्या मुख्य वनस्पती. ही भूमी दिसायला रानटी असली तरी तिच्या घडणीत माणसाचा हात आहे. कांस्ययुगात आणि त्याच्या आगेमागे मूळचे जंगल तोडले गेले, आणि त्यानंतर शतकानुशतके लोकांनी तिथे गुरे चारली, चुलीसाठी गॉर्स तोडला, जळणासाठी मुळांसकट मातीचे थर कापून नेले. दर वेळी जमिनीतून काहीतरी बाहेर गेले, म्हणून जमीन गरीब राहिली, आणि जमीन गरीब राहिली म्हणून हीथ टिकली. हा वापर थांबला की थोड्याच वर्षांत बर्च आणि पाइनची रोपे वर येतात, नेचे पसरतात आणि वाळूवर पडणारे ऊन अडते.

अठराव्या शतकाच्या मध्याला डॉर्सेटमध्ये सुमारे ४०,००० हेक्टर हीथभूमी होती असे मानले जाते. पुढे जमिनींची बंदिस्ती झाली, खते स्वस्त झाल्यामुळे नापीक जमीनही नांगराखाली आणता येऊ लागली, १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वनीकरण आयोगाने मोठ्या पट्ट्यांवर पाइन लावला, बोर्नमथ आणि पूल ही शहरे वाढत हीथवर आली. ‘ओसाड’ ठरलेल्या जमिनीला उपयोगी बनवणे हे त्या काळात पुण्याचेच काम समजले जात होते. आपल्याकडच्या माळरानांचीही नोंद वर्षानुवर्षे पडीक जमीन अशीच होत आली आहे आणि तिथे झाडे लावणे म्हणजे निसर्गसेवा असे अजूनही पुष्कळांना वाटते, त्यामुळे मराठी वाचकाला ही विचारसरणी परकी वाटू नये. नॉर्मन मूर यांनी १९६२ मध्ये या ऱ्हासाचा पहिला नेमका हिशेब मांडला. १९७८ मध्ये नायजेल वेब आणि लेस्ली हॅस्किन्स यांनी संपूर्ण प्रदेश चौरसांत विभागून पुन्हा पाहणी केली, तेव्हा उरलेले क्षेत्र सहा हजार हेक्टरांच्याही आत आले होते आणि तेही ७६८ तुकड्यांत विखुरलेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक तुकडे एक हेक्टरापेक्षा लहान होते.

हे सारे घडत असताना तिथल्या कोळ्यांची माहिती मात्र आश्चर्य वाटावे इतकी चांगली होती, आणि त्याचे श्रेय मुख्यतः एका धर्मगुरूला जाते. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज (१८२८–१९१७) हे डॉर्सेटमधील ब्लॉक्सवर्थ या खेड्याचे रेक्टर होते. घराजवळची हीथ पालथी घालून, आणि जगभरातून आलेले नमुने तपासून, ते आपल्या काळातील कोळ्यांचे आघाडीचे जाणकार बनले. डॉर्सेटच्या कोळ्यांवरील त्यांचा ग्रंथ १८७९ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाला. त्यांची पद्धत हाताने वेचण्याची होती. कोणत्या जागी किती वेळ शोधले आणि किती प्राणी सापडले याची तुलना करता येईल अशी आकडेवारी तिच्यातून मिळत नाही. तरीही हीथ अखंड असताना तिथे कोण राहत होते याची यादी आज हाती आहे ती बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पुनर्स्थापना म्हणजे नेमके काय परत आणायचे, हा प्रश्न अशा यादीविना विचारताच आला नसता.

मोजणीच्या पद्धती विसाव्या शतकात आल्या. जमिनीत उघड्या तोंडाचे भांडे पुरून त्यात पडणारे जीव गोळा करण्याची युक्ती, म्हणजे पिटफॉल सापळा, गुहांतील कीटकांसाठी तो वापरणाऱ्या एच. एस. बार्बर यांच्या १९३१ च्या लेखामुळे सर्वपरिचित झाली. युरोपात अनेक ठिकाणी त्याला आजही बार्बर सापळा म्हणतात. ब्रिटनमध्ये १९५१ आणि १९५३ साली लॉकेट आणि मिलिज यांचे ब्रिटिश कोळ्यांवरील दोन खंड आले आणि जाती ओळखण्याचे काम मोजक्या तज्ज्ञांच्या हातून निघून अभ्यासू हौशी लोकांपर्यंत पोहोचले. त्याच दशकात वेअरहॅमजवळ फर्झब्रुक येथे नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेचे संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे मायकेल ब्रायन यांनी मुंग्यांवर काम केले, तर पीटर मेरेट यांनी हीथवर वर्षभर सापळे ठेवून कोणत्या जातीचे प्रौढ कोळी कोणत्या महिन्यांत हिंडतात याचे तपशीलवार वेळापत्रक तयार केले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रसिद्ध झालेले हे लेख आजही उपयोगी पडतात, कारण पाहणी कधी करायची हे त्यांच्यावरून ठरवता येते. केवळ जून महिन्यात सापळे लावणाऱ्याला शरद ऋतूत प्रौढ होणाऱ्या जाती भेटणारच नाहीत. मेरेट यांनी वणव्यानंतरच्या जमिनीचाही पाठपुरावा केला. जळलेल्या, उघड्या आणि तापणाऱ्या जमिनीवर आधी पळून शिकार करणारे कोळी येतात आणि झुडपे दाटू लागली की पालापाचोळ्यात बारीक जाळी विणणाऱ्यांची संख्या वाढते, हा क्रम अशा निरीक्षणांतून स्पष्ट झाला. हीथच्या प्रत्येक वयाचे रहिवासी वेगळे असतात हे एकदा कळल्यावर सगळीकडे एकसारखे, एकाच उंचीचे हेदर असणे हे चांगल्या हीथचे लक्षण मानता येत नाही.

पिटफॉल सापळ्याविषयी येथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण पुनर्स्थापित जमिनीच्या पाहणीत सर्वांत जास्त गफलत त्याच्यामुळे होते. सापळा म्हणजे प्लॅस्टिकचा साधा पेला. त्याची कड जमिनीच्या अगदी पातळीत बसवावी लागते. कड जराशी वर राहिली तरी चिमुकले कोळी तिला वळसा घालून जातात. आत नमुने टिकवणारा द्रव असतो आणि वर पाऊस अडवणारे छप्पर. या पेल्यात किती जीव पडतात हे ते तिथे किती आहेत यावर अवलंबून असते, पण ते किती हिंडतात आणि वाटेत त्यांना किती अडथळा होतो यावरही तितकेच अवलंबून असते. पी. जे. एम. ग्रीन्स्लेड यांनी १९६४ मध्ये भुंगेऱ्यांच्या बाबतीत हे दाखवून दिले. आता एका बाजूला नुकतीच माती खरवडलेली उघडी जमीन आणि दुसऱ्या बाजूला गुडघाभर जुने हेदर अशी तुलना केली, तर उघड्या जमिनीवरचा पेला आधी भरतो आणि अननुभवी माणूस पुनर्स्थापना फार यशस्वी झाली असे लिहून मोकळा होतो. म्हणून सापळ्याच्या जोडीला झुडपांवरून जाळी फिरवणे, यंत्राने हवेसोबत कीटक ओढून घेणे, मॉस आणि पालापाचोळा पांढऱ्या ताटावर चाळणे आणि नुसते डोळ्यांनी शोधणे अशा इतर पद्धती वापरल्या जातात. त्यानंतरचे काम प्रयोगशाळेतले असते. बहुतेक कोळ्यांची जात प्रौढांच्या जननांगांवरूनच खात्रीने ठरते, त्यामुळे पिल्ले बाजूला काढावी लागतात आणि उरलेले एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

या क्षेत्राची दिशा बदलणारे काम १९८४ मध्ये वेब आणि पी. जे. हॉपकिन्स यांनी प्रसिद्ध केले. हीथचे तुकडे जितके लहान तितक्या जाती कमी, अशी त्या काळच्या सिद्धांतावरून अपेक्षा होती. डॉर्सेटच्या तुकड्यांवरील भुंगेरे आणि कोळी मोजल्यावर मात्र लहान तुकड्यांवर जातींची संख्या उलट अधिक निघाली. कारण शोधल्यावर कळले की लहान तुकड्यांवर भोवतालच्या शेतांतून, झाडीतून आणि बागांतून सामान्य जातींची सतत ये-जा चालू असते. फक्त हीथच्या खास जाती वेगळ्या काढून पाहिल्या, तेव्हा त्या मोठ्या आणि एकमेकांच्या जवळ असलेल्या तुकड्यांवरच नीट टिकून असल्याचे दिसले. माझ्या मते हीथवरील कीटक-पाहणीच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष आहे. एखाद्या पुनर्स्थापित शेतावर पुष्कळ जाती सापडल्या, एवढ्यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. त्या जाती कुठल्या आणि त्यांपैकी हीथवाचून न जगणाऱ्या किती, हे सांगितल्याशिवाय तो आकडा दिशाभूलच करतो.

पुनर्स्थापनेला सरकारी बळ त्यानंतर मिळाले. १९९५ मध्ये ब्रिटनच्या जैवविविधता कृती आराखड्यात २००५ पर्यंत ६,००० हेक्टर सखल हीथभूमी नव्याने उभी करण्याचे लक्ष्य ठेवले गेले. पाइनखालची जमीन परत मिळवणे तुलनेने सोपे होते, कारण हेदरचे बी मातीत अनेक दशके जिवंत राहते आणि झाडे काढून वरचा थर खरवडला की ते रुजते. शेतजमिनीची गोष्ट वेगळी. तिथे चुना आणि खते घालून मातीचा आम्लधर्म घालवलेला असतो, फॉस्फरस साठलेला असतो आणि बियाणे संपलेले असते. डॉर्सेटमधील पर्बेक या भागात अशा कुरणांवर गंधक घालून माती पुन्हा आम्लधर्मी करण्याचे आणि हेदरची कापलेली डहाळी पसरण्याचे दीर्घकाळ चाललेले प्रयोग झाले. वनस्पती आल्या तरी मातीतील बुरशी आणि सूक्ष्म जीव त्याच वेगाने बदलत नाहीत, असे त्यांतून दिसले. नेदरलँड्समध्ये जुन्या शेतावर अस्सल हीथवरची थोडी माती पसरून मातीतल्या सजीवांसह सारी घडी लवकर बसवता येते हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. त्याच देशात पीट डेन बूर यांनी १९५९ पासून चालवलेल्या सापळ्यांच्या नोंदींमुळे, उडता न येणारे भुंगेरे तुटलेल्या हीथवर एकदा संपले की आपणहून परत येत नाहीत, ही गोष्ट आधीच पुढे आली होती.

कोळ्यांपैकी अनेक जण रेशमाच्या धाग्यावर वाऱ्यासोबत तरंगत दूर जातात आणि नव्या जमिनीवर पहिल्याच वर्षी हजर होतात. लेडीबर्ड कोळी त्यांच्यातला नाही. १९०६ नंतर सत्तर वर्षे तो ब्रिटनमध्ये दिसला नव्हता. १९७९ च्या सुमारास डॉर्सेटच्या एका छोट्याशा हीथवर त्याची एकच वसाहत सापडली. नर लाल पाठीवर काळे ठिपके मिरवतो आणि वसंतात थोडेच दिवस मादीच्या शोधात बाहेर पडतो. मादी रेशमाने मढवलेल्या बिळात सारे आयुष्य काढते, म्हणून सापळ्यात पडला तर नरच पडतो, आणि तोही बरोबर त्या दिवसांत. मोजणी करायची तर गुडघ्यांवर बसून हेदरच्या बुंध्यांमधली जमीन वीतवीत तपासावी लागते. बिळाच्या तोंडावर रेशमाचे मळकट छप्पर असते आणि त्यात खाल्लेल्या भुंगेऱ्यांची कवचे अडकलेली असतात. ती दिसली की बीळ सापडले. १९९४ मध्ये अशा मोजणीत त्या वसाहतीत केवळ ५६ कोळी भरले. त्यानंतर झाडोरा काढून जागा मोकळी केली गेली, कोळी वाढवले गेले आणि नव्या ठिकाणी नेऊन सोडले गेले. २०११ मध्ये आर्न येथील राखीव क्षेत्रात त्यांना नेण्यासाठी पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्या वापरल्या गेल्या: त्यांत मॉस आणि हेदर भरले, कोळ्यांना आत बिळे करू दिली आणि मग बाटल्याच जमिनीत पुरल्या.

पर्बेकची कुंभारीण गांधीलमाशी अधिक काटेकोर आहे. ब्रिटनमध्ये ती पर्बेकच्या हीथखेरीज कुठे आढळत नाही. तिला बिळासाठी उघडी चिकणमाती लागते, मकरंदासाठी बेल हेदर लागते आणि पिल्लांच्या अन्नासाठी हेदरवर वाढणाऱ्या एका लहान पतंगाच्या अळ्या लागतात. या तिन्ही गोष्टी तिच्या उडण्याच्या टप्प्यात असाव्या लागतात. नकाशावर ‘हेदरचे आच्छादन’ भरघोस दाखवलेल्या जागेत उघडी माती नसेल तर ही माशी तिथे घर करू शकत नाही, आणि हे हवाई छायाचित्रांवरून झुडपांची टक्केवारी काढणाऱ्याला दिसत नाही. म्हणूनच आता पुनर्स्थापनेच्या आराखड्यांत मुद्दाम जमीन खरवडून उघडे पट्टे ठेवतात. सैन्याच्या सराव क्षेत्रांवर हे काम रणगाड्यांच्या आणि बुटांच्या वर्दळीने नकळत होत राहिले. ब्रिटनमध्ये सत्तावीस वर्षे न दिसलेला मोठा ‘फॉक्स स्पायडर’ २०२० मध्ये सरे काउंटीतील संरक्षण खात्याच्या जमिनीवरच सापडला, आणि तोही रात्री टॉर्च घेऊन उघड्या वाळूवर चिकाटीने शोध घेतल्यामुळे.

त्याच वर्षी पर्बेकमधील सात संस्थांच्या आणि मालकांच्या जमिनी एकत्र आणून ३,३३१ हेक्टरांचे एकसंध राष्ट्रीय राखीव क्षेत्र घोषित झाले, आणि गायी, घोडी व डुकरे यांना त्यात मोठ्या टापूवर मोकळे फिरू देण्याचे धोरण पुढे आले. तुकडे जोडले पाहिजेत हा १९८४ च्या निष्कर्षांचा आग्रह त्यात उतरलेला दिसतो. पाहणी करणाऱ्यांचे काम मात्र त्यामुळे वाढले आहे. पुनर्स्थापित जागेची तुलना जवळच्या जुन्या हीथशी आणि अजून हात न लावलेल्या कुरणाशी एकाच वेळी करावी लागते. प्रत्येक सापळ्याभोवती झुडपांची उंची आणि उघड्या जमिनीचे प्रमाण लिहून ठेवावे लागते. आणि १९८७ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश कोळी नोंदणी योजनेत नोंदी पाठवल्या जातात, म्हणजे पाच-दहा वर्षांनी त्याच जागी येणाऱ्याला आपले सापळे कुठे आणि कोणत्या महिन्यात लावावेत हे कळेल.