पाच सेकंद कमी पडतात

आईचं वय पंच्याहत्तर, घर छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत ती रोज पायी जायची, ते आता बंद झालंय. "गुडघ्याचं काही नाही रे, रस्त्याची भीती वाटते," म्हणाली. म्हणून एका सकाळी तिच्यासोबत निघालो.

फुटपाथवर दुचाक्या, म्हणून ती खाली उतरली. मागून रिक्षाचा हॉर्न आला तशी परत वर चढायला गेली, तर फुटपाथची कड जवळजवळ पोटरीला लागेल एवढी उंच. पुढे नालीवरचा ढापा डुगडुगत होता. तिथं थांबून तिनं चपलेनं चाचपलं, मगच पाऊल टाकलं.

तरुणपणी तोल आपोआप सांभाळला जातो. वय वाढतं तशी तळव्यांची जाणीव, नजर आणि कानाच्या आतली तोल राखणारी यंत्रणा मंदावते. मग प्रत्येक पावलाकडे मेंदूला लक्ष द्यावं लागतं. तेच लक्ष हॉर्न आणि ढाप्यानं खाल्लं, की पाऊल आखूड पडतं, तोल जातो. त्यात साठीच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. तिन्हीसांजेला पायरी दिसत नाही ती यामुळेच.

सिग्नलचं गणित तर फारच कठोर आहे. पादचारी सेकंदाला 1.2 मीटर चालतो असं धरून बऱ्याच ठिकाणी वेळ ठरवतात. इंग्लंडमधल्या 65 वर्षांपुढच्या लोकांचा वेग 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी पुरुषांचा 0.9, बायकांचा 0.8 मीटर निघाला. म्हणजे 12 मीटरच्या रस्त्याला सिग्नल 10 सेकंद देतो, आजीला लागतात 15. सिंगापूरनं 2009 पासून यावर उपाय केला: ज्येष्ठांनी खांबावर कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो.

खरं तर दाट वस्ती म्हाताऱ्यांच्या सोयीची. किराणा, मेडिकल, सुपारी हनुमानाचं देऊळ, सगळं हाकेच्या अंतरावर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो भाजी-देवळातच बराचसा होऊन जातो. पण जाणं थांबलं की आधी मांडीचे स्नायू झिजतात, मग धीर जातो, आणि मग जाणं आणखीच कमी होतं.

आधी वाड्यांना ओटे होते, दर पन्नास पावलांवर टेकता यायचं. आता बहुतेक ठिकाणी शटर थेट रस्त्याला भिडलंय. परतताना एकच ओटा सापडला. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली, दम खाल्ला, आणि आतल्या बाईला विचारलं, "मेथी कशी मिळाली आज?"