अक्षर बदलले, फोटो गेले नाहीत
फोटोंसाठी बाहेरची हार्ड डिस्क वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हार्ड डिस्क जोडली, लाइटरूम (फोटो सांभाळायचे आणि एडिट करायचे सॉफ्टवेअर) उघडले आणि फोल्डरांवर प्रश्नचिन्हे दिसू लागली, की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. लग्नाचे फोटो असतील तर विचारूच नका. आमच्या दादरच्या दुकानात अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना आम्ही आधी एकच सांगतो: घाबरून काही पुसू नका, फॉरमॅट तर मुळीच करू नका. बहुतेक वेळा फोटो जिथल्या तिथेच असतात. बदललेले असते ते फक्त ड्राइव्हचे अक्षर, म्हणजे विंडोज प्रत्येक डिस्कला ओळखीसाठी देते ते इंग्रजी अक्षर.

खात्री कशी करायची? 'धिस पीसी' उघडून हार्ड डिस्कवर जा आणि एखादे फोल्डर उघडून बघा. फोटो उघडत असतील तर डिस्क ठीक आहे. काल तिच्यापुढे 'ई' होते, आज 'एफ' किंवा 'जी' दिसेल, एवढेच. चाळीतली खोली तीच, दारावरचा नंबर तेवढा बदलला. जुना नंबर घेऊन आलेल्या पोस्टमनला मात्र ती सापडत नाही.

असे का होते?

नवीन डिस्क, पेन ड्राइव्ह किंवा कार्ड रीडर जोडला की विंडोज त्याला मोकळे असलेले पुढचे अक्षर देते. तुमच्या हार्ड डिस्कला पूर्वी कोणते अक्षर दिले होते हे विंडोजच्या लक्षात असते, पण ते अक्षर आधीच कुणी घेतले असेल तर तिला दुसरे मिळते. म्हणून ही तक्रार लग्नसराईत आणि गणपतीत जास्त येते. एकाच लॅपटॉपला दोन-दोन कॅमेऱ्यांची कार्डे, पाहुण्यांचे पेन ड्राइव्ह, सगळे एकदम लागलेले असते. काही कार्ड रीडर तर प्रत्येक खाचेसाठी वेगळे अक्षर अडवतात.

लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतात. फोटो कुठे आहे याचा पत्ता आणि तुम्ही केलेले एडिटिंग त्यात असते. तो पत्ता अक्षरापासून सुरू होतो, म्हणून अक्षर बदलले की सगळे फोल्डर एकदम 'हरवतात'. बॅकअपचे सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवरचे शॉर्टकट यांचीही तीच गत.

जुने अक्षर परत कसे द्यायचे

आधी जुने अक्षर कोणते होते ते शोधा. लाइटरूममध्ये फोटोवर उद्गारचिन्ह दिसते, त्यावर क्लिक केले की फोटोचा पूर्वीचा पत्ता समोर येतो. पहिले अक्षर कागदावर लिहून ठेवा आणि लाइटरूम बंद करा. ते अक्षर सध्या एखाद्या पेन ड्राइव्हकडे असेल तर तो 'इजेक्ट' करून काढा. नाहीतर पुढे यादीत ते अक्षर दिसणारच नाही, कारण तिथे फक्त मोकळी अक्षरे असतात.

आता स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते लागते. खिडकीच्या खालच्या भागात प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी असते. आपली कोणती, ते नावावरून आणि आकारावरून ओळखा. १ टीबीची डिस्क इथे सुमारे ९३१ जीबी आणि २ टीबीची सुमारे १८६३ जीबी दिसते. तुमची जागा कुणी खाल्लेली नाही. कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

त्या पट्टीवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' निवडा, मग 'चेंज', मग यादीतून अक्षर, मग 'ओके'. काही प्रोग्राम नीट चालणार नाहीत असा इशारा येईल. आपण जुनेच अक्षर परत देतो आहोत, तेव्हा खुशाल 'येस' म्हणा. डिस्कला अक्षरच नसेल तर 'चेंज'ऐवजी 'ॲड' दाबा. याच मेनूत 'फॉरमॅट' आणि 'डिलीट व्हॉल्यूम' हेही पर्याय असतात. हात तिकडे जाऊ देऊ नका, घाईत तर नाहीच.

लाइटरूम पुन्हा उघडा. प्रश्नचिन्हे गेलेली असतील.

जुने अक्षर मोकळे करणे शक्य नसेल तर लाइटरूममध्येच प्रश्नचिन्हाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'फाइंड मिसिंग फोल्डर' निवडा आणि तेच फोल्डर नव्या जागी दाखवा. सर्वात वरचे फोल्डर दाखवले की आतली आपोआप जुळतात. मात्र हरवलेले फोटो कॅटलॉगमधून 'रिमूव्ह' करून पुन्हा इम्पोर्ट करू नका. फोटो परत येतील, पण फोटोंना दिलेले तारे, कलेक्शन आणि रात्र रात्र जागून केलेले एडिटिंग जाऊ शकते. आम्हाला सगळ्यात जास्त वाईट वाटते ते अशा वेळी, कारण डिस्क धडधाकट असूनही काम गेलेले असते.

पुन्हा होऊ नये म्हणून

नवी डिस्क नेलीत की पहिल्याच दिवशी तिला वर्णमालेच्या मागच्या बाजूचे अक्षर द्या. आम्ही 'पी' सुचवतो. पेन ड्राइव्ह तिथपर्यंत सहसा पोहोचत नाहीत. 'झेड' टाळा, ऑफिसात ते नेटवर्क ड्राइव्हला दिलेले असते. डिस्कला ओळखता येईल असे नावही द्या. एक लक्षात असू द्या: अक्षराची नोंद संगणकात राहते, डिस्कमध्ये नाही. म्हणून घरच्या आणि स्टुडिओच्या संगणकावर तेच अक्षर स्वतंत्रपणे द्यावे लागते, आणि विंडोज नव्याने टाकले तर पुन्हा द्यावे लागते. मॅकवर अक्षरे नसतात. तिथे डिस्कच्या नावावरून पत्ता ठरतो, तेव्हा नाव बदलत राहू नका.

इथे थांबा

डिस्क फॉरमॅट करायला किंवा 'इनिशियलाइज' करायला सांगत असेल, डिस्क मॅनेजमेंटमध्ये तिच्या पट्टीवर 'रॉ' किंवा 'अनॲलोकेटेड' दिसत असेल, किंवा आतून टकटक आवाज येत असेल, तर ही अक्षराची भानगड नाही. 'कॅन्सल' दाबा, डिस्क काढा आणि पुन्हा पुन्हा जोडून बघू नका. नुसतीच मधूनमधून गायब होत असेल तर आधी केबल बदलून पाहा. छोट्या डिस्कांची ती रुंद, चपटी पिन बॅगेत ठेवून रोज लोकलने नेली की सैल होते.

दुकानात येताना डिस्कबरोबर तिची केबल आणि तुमचा लॅपटॉपही आणा. आमच्या संगणकावर अक्षर बदलून तुमच्या लॅपटॉपवरचे बदलत नाही.