होमरच्या आधी इसाप

पाश्चात्त्य अभिजात साहित्याचे वाचन कोठून सुरू करावे, या प्रश्नाला बहुतेक याद्या होमरचे नाव पुढे करतात. मुंबईच्या मराठी वाचकाला मात्र हे साहित्य निराळ्याच क्रमाने भेटत गेले, आणि तो क्रम आजच्या नवख्या वाचकालाही अधिक सोयीचा आहे असे मला मनापासून वाटते.

सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘इसापनीती’ १८२८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली, आणि त्यातील कोल्हा व द्राक्षे मराठी घरांत इतकी रुळली की ती मूळची ग्रीक आहेत याचाही विसर पडला. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि इंग्रजी साहित्य परीक्षेला लागले. शेक्सपिअर त्या वर्गांतून आला खरा, परंतु तो लोकांपर्यंत पोहोचवला रंगभूमीने. महादेवशास्त्री कोल्हटकर यांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ मध्ये निघाले, गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० मध्ये त्याच नाटकाचा ‘झुंझारराव’ केला, तेव्हा डेस्डिमोनाची कमळजा झाली. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’तील हॅम्लेट, म्हणजे चंद्रसेन, गणपतराव जोशी यांनी असा गाजवला की इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्या प्रेक्षकालाही तो आपला वाटू लागला.

मुद्दा असा की ग्रंथ शहरात असणे वेगळे आणि तो वाचकाच्या हाती लागणे वेगळे. फोर्टातील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित आहे, पण त्यामुळे दान्ते गिरगाव-दादरच्या वाचनात आला नाही.

विसाव्या शतकात ही वाट विंदा करंदीकर यांनी रुंद केली. अरिस्टॉटलचे काव्यशास्त्र १९५७ मध्ये, जर्मन कवी गटे याच्या ‘फाउस्ट’ या नाट्यकाव्याचा पहिला भाग १९६५ मध्ये आणि शेक्सपिअरचा ‘राजा लिअर’ १९७४ मध्ये त्यांनी मराठीत आणले. ‘लिअर’च्या चारच वर्षे आधी कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ रंगमंचावर आले होते. सर्वस्व मुलांच्या स्वाधीन करून त्यांच्याच दारी उपेक्षा सोसणारा म्हातारा तेथे ज्याने पाहिला, त्याला लिअर परका वाटण्याचे कारणच उरले नव्हते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक नाटककार सोफोक्लीस या साऱ्यांनंतर, १९७९ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या ‘राजा ओयदिपौस’मधून मराठीत आला.