वळवाचा पाऊस ‘अवकाळी’ कधी झाला?

२०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात एकाच आभाळाला तीन नावं पडली. महिन्याच्या मध्यावर धो-धो पडणारा पाऊस बातम्यांत ‘अवकाळी’ होता, हवामान खात्याच्या अंदाजात ‘पूर्वमोसमी’ होता आणि २५ तारखेला दक्षिण महाराष्ट्रात, २६ ला मुंबईत तोच ‘मोसमी’ म्हणून जाहीर झाला. मुंबईत मोसमी पाऊस इतक्या लवकर येण्याचा आधीचा विक्रम १९५६ चा, २९ मेचा. गावाकडच्या जुन्या माणसांचं वाक्य मात्र साधं होतं : औंदा वळीव हटतच नाही.

हा चौथा शब्द, वळीव, हल्ली छापील मजकुरात फारसा भेटत नाही. तो का मागे पडला, हे पाहिल्याशिवाय उन्हाळी पावसाची आजची चर्चा नीट कळत नाही.

जुनी रीत थोडक्यात अशी. पावसाचा हिशोब नक्षत्रांवर चाले. मे अखेरीस रोहिणी, ७-८ जूनला मिरग आणि त्याआधी जे काही पडेल ते वळवाचं. नक्षत्रांच्या या तारखाही इंग्रजी कॅलेंडरात साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, पण शेतकऱ्याच्या आयुष्याच्या मापात ते जाणवत नाही. पुढे वर्षाचे चार सरकारी तुकडे झाले आणि मार्च ते मे हा ‘पूर्वमोसमी’ काळ ठरला. २०२० मध्ये मोसमी पाऊस येण्याच्या सर्वसाधारण तारखा नव्या आकडेवारीवरून सुधारल्या. केरळची १ जून कायम राहिली, मुंबईची १० ऐवजी ११ जून झाली. मोसमी पावसाच्या मिलिमीटरांची बेरीज मात्र १ जूनलाच सुरू होते. त्यामुळे २०२५ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस जाहीर होऊनही ३१ मेपर्यंतचा थेंब न् थेंब पूर्वमोसमी खात्यात जमा झाला.

इथवर ठीक आहे. खरा गुंता ‘अवकाळी’चा.

२०१४ च्या फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रावर जी गारपीट कोसळली, तिला अवकाळी म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गहू, हरभरा कापणीला आलेला, द्राक्षं वेलीवर. त्या दोन-अडीच आठवड्यांनी हा शब्द घराघरात नेला. पण मग तो थांबलाच नाही. एप्रिलमधला, मेमधला, दुपारी तीननंतर ढग दाटून तासाभरात मोकळा होणारा पाऊसही त्याच शब्दात जाऊन बसला. हा पाऊस दर उन्हाळ्यात येतो. दख्खनचं पठार तापतं, विदर्भापासून खाली केरळाकडे जाणाऱ्या पट्ट्यात वायव्येचे कोरडे वारे आणि समुद्राकडचे दमट वारे गाठ घेतात, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात. आधी वावटळ, मग टपोरे थेंब, कधी गारा. जो दरसाल आपल्या वेळेला येतो, त्याला अवकाळी कसं म्हणायचं?

माझ्या मते उत्तर आभाळात नाही, शेतात आहे. रब्बीची ज्वारी निघाली की चैत्र-वैशाखात रान मोकळं असे आणि मोकळ्या रानावर पडलेल्या पावसाने कोणाचं नुकसान होत नसे. सिंचनाचं पाणी आलं तसं रान रिकामं राहीनासं झालं. उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ मारून, म्हणजे ढीग लावून, ठेवलेला असतो, आंबा झाडावर असतो, डाळिंबाचा बहार असतो. पाऊस तोच राहिला, त्याच्या वाटेत पीक आलं. म्हणजे या शब्दातला ‘काळ’ पिकाचा आहे.

त्यात पंचनाम्याची भर पडली. राज्याच्या आपत्तींच्या यादीत ‘अवेळी पाऊस’ आहे आणि २०१५ पासून मदतीसाठी नुकसानीची अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आली आहे. अर्जावर ‘वळीव’ लिहून कोणाच्या हाती काय पडणार? ज्याचा कांदा भिजला त्याने अवकाळी म्हणावं, तो त्याचा हक्क आहे. अंदाज सांगणाऱ्यांनी आणि बातमी देणाऱ्यांनी सरसकट तेच म्हणणं मला पटत नाही. वळवाचा स्वभावच तुकड्यातुकड्यांनी पडण्याचा. बांधाच्या अलीकडे चिखल, पलीकडे फुफाटा. अनेक गावांच्या महसूल मंडळातलं एकच पर्जन्यमापक कोरडं राहिलं, तर भिजलेलं गाव कागदावर कोरडंच राहतं.

जमिनीच्या बाजूने पाहिलं तर वळवाचे दोन्ही हात दिसतात. काळ्या रानात एप्रिलपर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एका चांगल्या सरीने नांगरटीची दगडासारखी ढेकळं विरघळतात, वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, की कुळवाची पाळी सोपी जाते. कोकणात पहिल्या सरींनंतर शेवळं वर येतात, भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे झाडं उजळतात. डोंगरउतारावर मात्र वणव्याने गवत जळालेलं असेल, तर तेच टपोरे थेंब राखेसकट वरची माती ओढ्यात नेतात. सह्याद्रीच्या पायथ्याला पहिलं पाणी काळं येतं ते यामुळे.

२०२५ ला हा तोल बिघडला. पाऊस हटेना, वाफसा येईना, मशागत अडली. मग मोसमी पाऊस २९ मेनंतर जूनच्या मध्यापर्यंत जागीच थबकला. लवकर आला म्हणून पेरणीची घाई करू नका, हे तेव्हा पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

एक काम मात्र अजून वळवावरच ठरतं. पहिली दमदार सर झाली की अंधार पडता पडता हुमणीचे, म्हणजे पिकाची मुळं खाणाऱ्या किडीचे, भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर पाला खायला जमतात. तपकिरी, बोटाच्या पेराएवढे. खाली उभं राहिलं की पानं कुरतडल्याचा बारीक आवाज येतो. त्याच चार-आठ रात्री फांद्या हलवून ते पाडायचे, रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे, शेतात प्रकाशसापळा लावायचा. मादीने जमिनीत अंडी घातली की पुढे अळी उसाच्या आणि भुईमुगाच्या मुळांवर बसते. त्या रात्रींची तारीख पंचांग देत नाही आणि हवामानाचा अंदाजही देत नाही. ज्या शिवारात सर पडली, त्याच शिवारात त्या संध्याकाळी कंदील घेऊन जावं लागतं.