एनसीसी स्पेशल एंट्री: अर्ज नेमका कुठे अडतो

एनसीसी कॅडेटना लष्करात अधिकारी व्हायची ही वाट. लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत. एवढं ऐकूनच पोरं फॉर्म भरतात आणि मग कागदांवर गळतात. पात्रता सोपी दिसते: अविवाहित, वय 19 ते 25, पदवीला 50 टक्के आणि एनसीसीचं सगळ्यात वरचं, म्हणजे ‘सी’ सर्टिफिकेट, किमान ‘बी’ ग्रेडचं. वय अर्जाच्या दिवशी नाही, तर जाहिरातीत दिलेल्या 1 जानेवारी किंवा 1 जुलैला मोजतात.

पहिली अडचण ‘सी’चीच. “परीक्षा दिलीय, सर्टिफिकेट यायचंय” हे चालत नाही; अर्ज करताना ते हातात लागतं. द्यायला उशीर करणारं ऑफिस एक, नाही म्हणून बाद करणारं दुसरं, मधल्या मधे पोरगं मरतं. म्हणून युनिटमध्ये महिनाभर आधीपासून खेटे घाला.

50 टक्के म्हणजे सगळ्या वर्षांचे मिळून. शेवटच्या वर्षाला असाल तर आधीच्या वर्षांची सरासरी 50 हवी आणि पुढे पूर्ण पदवीलाही तेवढे पडायला हवेत. सीजीपीए असेल तर टक्के काढायच्या सूत्राचं पत्र विद्यापीठाकडून किंवा कॉलेजकडून आधीच घ्या. एसएसबीच्या आदल्या दिवशी क्लार्क रजेवर असतो, हा अनुभव आहे.

जन्मतारखेला आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे ब्रह्मवाक्य. इथे तो चालत नाही, दहावीची मार्कशीटही नाही. बोर्डाचं प्रमाणपत्रच लागतं. त्यावर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. फॉर्ममध्ये नाव बोर्डाच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहा. गेल्या खेपेला एका कॅडेटने वडिलांच्या नावाचं स्पेलिंग ‘सुधारून’ लिहिलं आणि मग प्रतिज्ञापत्रासाठी तालुक्याला दोन चकरा मारल्या.

बाकी एसएसबीला न्यायचं नेहमीचंच: अर्जाची सही केलेली प्रिंट, मूळ कागद, साक्षांकित प्रती. फोटो मात्र चार नाही, 20 लागतात. ट्रेनिंग सुरू होताना पदवीचा कागद नसेल तर वेगळा बाँड लिहून घेतात. पुढेही तो दिला नाही तर ट्रेनिंगचा खर्च वसूल होतो. घरी हे आधीच सांगा.

चेन्नईच्या ओटीएत (अधिकाऱ्यांच्या ट्रेनिंग अकादमीत) 49 आठवडे, मग लेफ्टनंट. इन्फंट्री (पायदळ) मिळाली तर महूला यंग ऑफिसर्स कोर्स. “सर, मेजर कधी?” हे हमखास विचारतात. कॅप्टन 2 वर्षांनी, मेजर 6, लेफ्टनंट कर्नल 13. पण ही शॉर्ट सर्व्हिस आहे: 10 वर्षं, वाढवून मिळाली तर आणखी 4. पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मिळालं नाही, तर तेराव्या वर्षाचा हिशेब त्या वाढीव चारांवरच लागतो.